ढब्बूचा हात

माणसाचा घाम वाळला की त्याचा वास जातो, असं ज्यांना वाटत असेल त्यांनी एकदा ढब्बूच्या डोक्यात नाक घालून बघावं. मी रोज घालायची. माझं कामच होतं ते.

ढब्बू म्हणजे आमच्या हॉटेलचा मासा. खरा नव्हे हो, पोशाख. पिवळी फर, सुटलेलं पोट, दोन हात, दोन पाय, मागे शेपूट आणि या कानापासून त्या कानापर्यंत हसणारं तोंड. माशाला कान नसतात हे मलाही माहीत आहे, पण ज्याने तो शिवला त्याला नव्हतं. सूर्य समुद्राला टेकला की हॉटेलच्या लॉनवर गाणी सुरू व्हायची आणि ढब्बू नाचत यायचा. आत आमचे हे. बाहेर त्यांचा उजवा हात धरून मी.

हात धरावाच लागतो. आतल्या माणसाला तोंडाच्या जाळीतून जेमतेम समोरच्याचं पोट दिसतं. पायरी कुठे, खुर्ची कुठे, कोणाचं पोरगं कुठे, काही कळत नाही. म्हणून ढब्बूबरोबर एक सांभाळणारी लागते. तिने त्याला कपडे चढवायचे, फिरवायचं, आणि सगळं आटपलं की मागच्या खोलीत नेऊन पाठीची चेन उघडायची. मग पोशाख उलटा करून आतला स्पंज पुसायचा, व्हिनेगर मारायचं आणि पंख्यासमोर टांगायचा. समुद्राकाठच्या हवेत तो कधीही पूर्ण वाळत नाही. रोज कालचा घाम आजच्या घामाला भेटतो.

लॉनवरची संध्याकाळ तुम्ही पाहुणे म्हणून पाहिली असेल तर तुम्हाला छान वाटली असेल. दिवे काय, संगीत काय! मला विचारा. पायाखाली सांडलेल्या गोड दारूचा चिकटा आणि त्यावर वाळू. उन्हात भाजून लाल झालेली, तेल चोपडलेली उघडी पोटं एकमेकांना घासतायत. ताटात डोंगर घेऊन अर्धा टाकलेला, आणि त्या उष्ट्यातच विझवलेल्या सिगरेटी. कुंडीतल्या झाडाच्या बुंध्याशी कोणीतरी ओकलेलं असायचं, आणि त्याच झाडाला टेकून दुसरं कोणीतरी मुके घेत असायचं. शी! शेवटी मशीनमधून साबणाचा फेस सोडायचे, कमरेइतका. त्यात हे सगळे लोळायचे. फेस ओसरल्यावर खाली काय काय सापडतं ते सांगत नाही, तुम्ही जेवलेले असाल.

आणि ढब्बूला तर काय, कोणीही यावं टिकली मारून जावं. पुरुष त्याच्या ढुंगणावर चापट्या मारायचे, शेपूट ओढायचे, जाळीतून आत बियर ओतायचे. आत माणूस आहे हे त्यांना माहीत नसायचं असं नाही. माहीत असायचं, म्हणूनच करायचे. मी सोबत हसत उभी. ढब्बूजवळ हसावंच लागतं, तो नियम होता.

आता यांच्याबद्दल. आमचे हे मूळचे नकलाकार. त्या लॉनवरची संध्याकाळ पूर्वी यांचीच होती. हातात माइक घेऊन उभे राहिले की मोटारबोट सुरू व्हायची, खोकायची, बंद पडायची, बोटवाला तिला शिव्या द्यायचा, बोटवाल्याची बायको बोटवाल्याला, आणि हे सगळं एका तोंडातून. घरीही तोच तमाशा. मी बहिणीशी फोनवर बोलायला लागले की मागून माझ्याच आवाजात "अगंबाई, खरं की काय!" ऐकू यायचं. मी लाटणं घेऊन धावायची. पण घर बोलकं होतं. लेक शिकायला दुसऱ्या शहरात गेली तरी ते कधी रिकामं वाटलं नाही.

नकलेचं गमक ते सगळ्यांना सांगायचे. "अस्सलापेक्षा चिमूटभर जास्त करायची. तंतोतंत केली तर कोणाला कळतच नाही की नक्कल आहे."

मग नवा मॅनेजर आला. कायम दात दाखवायचा म्हणून आम्ही पाठीमागे त्याला हसमुख म्हणायचो. बोलायला असा की थांबवून दाखवा. विनोद, चौकशा, कौतुक, सगळं तोंडातून सांडत असायचं. पहिल्याच आठवड्यात त्याने यांच्या हातातला माइक काढून घेतला.

"लोकांना आता बोलणं नको असतं हो, ठेका हवा असतो," तो म्हणाला. "तुम्ही ढब्बू व्हा. कमीपणा मानू नका, मी स्वतः ढब्बूतूनच वर आलोय. हाच पोशाख! आमचं तिकडचं हॉटेल बंद पडलं तेव्हा मी याला सोबत घेऊन आलो. माझ्या वेळी माझी बायको होती सांभाळायला. तुमच्या वेळी वहिनी."

त्यानेच आम्हाला नियम शिकवले. ढब्बू बोलत नाही. ढब्बू लोकांसमोर डोकं काढत नाही. सांभाळणारीने हात सोडायचा नाही. गोंगाटात हाका ऐकू येत नाहीत, म्हणून हाताच्या खुणा. एकदा दाबला की 'मी आहे, सगळं ठीक'. दोनदा दाबला की 'मला बाहेर काढ'.

"हे असं," म्हणत त्याने माझा हात धरून दोनदा दाबला. हात गार आणि ओलसर. दाखवून झालं तरी सोडेना. पुन्हा दोनदा. तोंडाने यांच्याशी फेसाच्या मशीनबद्दल बोलतोय, डोळे मशीनकडे, आणि इकडे हा उद्योग. अत्तराने न्हाऊन आलेला होता, तरी अत्तराच्या खालून एक वास येत होता, फुलदाणीतलं पाणी बरेच दिवस बदललं नाही की येतो तसा. मी हात हिसकून घेतला आणि पदराला पुसला.

पुढे ते रोजचंच झालं. त्याचा उजवा हात एरवी कायम पँटच्या खिशात. सही डाव्या हाताने, कप डाव्या हाताने. पण मी समोर आले की मेला उजवा बाहेर काढायचा आणि माझा हात पकडायचा. दोनदा दाब, थांब, दोनदा दाब. मी यांना सांगितलं तर हे म्हणाले, "सवय असेल गं एखाद्याची." सवय म्हणे! अशा सवयीचे लोक मी लॉनवर रोज बघत होते. त्यातलाच हा एक, फक्त शर्ट इस्त्रीचा.

त्याची बायको एकदाच दिसली, स्टाफच्या जेवणाला. सुकलेली, गप्प बाई. नवऱ्याचा उजवा हात तिने स्वतःच्या दोन्ही हातांत धरला होता आणि जेवण संपेपर्यंत सोडला नाही. डाव्या हाताने तो जेवत होता, बोलत होता, टेबल हसवत होता. ती घासही न घेता बसलेली. मला वाटलं, बरोबर आहे बाई, असला नवरा असला की हात धरूनच ठेवावा लागतो.

पोशाखाचं पहिल्यांदा जाणवलं ते असं. मी दुपारी उशिरा तो पंख्यासमोरून काढला आणि चेन उघडून आत हात घातला. ओला होता, ते नेहमीचंच. पण कोमट होता. बसमधल्या सीटवरून कोणी नुकतं उठावं आणि आपण बसावं, तशी ऊब. मला शिसारी आली. वाटलं, कोणीतरी नोकर आत शिरून झोपला असेल. खोलीची किल्ली माझ्या कमरेला होती हे मला नंतर आठवलं.

मग त्या वासात बदल झाला. यांच्या घामाचा वास मी ओळखते, इतक्या वर्षांच्या संसारात तेवढं तरी येतंच. त्या घामाच्या खालून तो शिळ्या पाण्याचा वास यायला लागला. मी मनात म्हटलं, हा हसमुख्याचा जुना घाम असणार, स्पंजात मुरलेला. व्हिनेगरची बाटलीच्या बाटली ओतली. दुसऱ्या दिवशी तसाच.

तिकडे घरी हे गप्प होत चालले. आधी वाटलं थकतात. पोशाखाचं वजन, आतली उकड, माणूस काय बोलेल? पण मग जेवताना काही विचारलं तर उत्तराऐवजी माझा हात धरून एकदा दाबायला लागले. भाजी आणखी हवी का? एकदा दाब. लेकीला फोन लावायचा का? एकदा दाब. लेक तिकडून "बाबा, बोटवाला करा ना!" म्हणाली, तर यांनी तोंड उघडलं आणि पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं नुसतंच उघडं ठेवलं. मग फोन माझ्याकडे दिला.

"अहो, तोंडाला काय कुलूप लागलंय?" मी फोन ठेवल्यावर चिडून म्हटलं. "माझ्याशी तरी बोला. हे घर मला खायला उठतं."

मी भांडी घासायला घेतली. मग हळू आवाजात म्हणाले, "आत फार बोलतो गं मी. इथपर्यंत काही उरत नाही."

"आत? कोणाशी?"

"कंटाळा येतो म्हणून नकला करायचो. बाहेर कोणाला ऐकू जात नाही. बोटवाला, तू, तो लिफ्टमधला आवाज." थांबले. "कोणीतरी माझ्यामागून म्हणतं."

मी नळ तसाच सोडून मागे वळले.

"आधी उशिराने म्हणायचं. शाळेतल्या ढ पोरासारखं. आता माझ्याबरोबरच म्हणतं." त्यांनी नळाकडे बघितलं, जणू पाणी बंद करावं का विचार करतायत. "काल मी बोटवाला करत नव्हतो. मी गप्प होतो. आणि आत मी बोलत होतो."

"म्हणजे?"

"माझी नक्कल. चांगली करतो गं. खूपच चांगली."

मी घाबरट बाई नाही. उकाड्यात डोक्याला स्पंज बांधून नाचल्यावर कोणालाही भास होतील, हे मला कळतं. मी यांना लिंबूसरबत दिलं, डोक्यावर गार पाण्याची पट्टी ठेवली आणि मनाशी ठरवलं की बस्स झालं. मला दुसरं काही नको होतं. माझा नवरा पूर्वीसारखा बोलायला हवा होता, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी सरळ हसमुखच्या खोलीत गेले. म्हटलं, भांडावं लागेल, पदर खोचूनच गेले होते. "यांना पोशाखातून बाहेर काढा. नाहीतर आम्ही दोघं चाललो."

"अहो वहिनी, एवढंच ना?" तो हसला. "उद्यापासून माइक त्यांचा. आजची तेवढी संध्याकाळ. आज तसंही होऊन जाईल."

"काय होऊन जाईल?"

"हंगाम हो. हंगामातला शेवटचा फेस आज." तो टेबलामागून उठून आला आणि उजवा हात खिशातून बाहेर आला. मी माझे दोन्ही हात पाठीमागे घेतले. तो हात तसाच हवेत राहिला, बोटं उघडमीट करत. त्याचं त्याकडे लक्षही नव्हतं. तो मला दारापर्यंत सोडायला येताना पाहुण्यांच्या तक्रारींवर विनोद सांगत होता.

मी खुशीत होते. खोटं कशाला सांगू, त्या संध्याकाळी यांना पोशाख चढवताना मी गाणं गुणगुणत होते. आत कोमट होतं, वास होता, पण शेवटचाच दिवस म्हटल्यावर माणूस काहीही सहन करतो. डोकं चढवायच्या आधी यांनी माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलायचं होतं. ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. मग हातमोज्यातून माझा हात एकदा दाबला. मी आहे, सगळं ठीक.

"उद्या पोटभर बोला," मी म्हटलं आणि डोकं बसवलं.

लॉनवर त्या दिवशी जत्रा होती नुसती. कोणाचा तरी वाढदिवस होता, त्याच्या मित्रांनी केक खायच्या ऐवजी एकमेकांच्या अंगाला फासला. क्रीम, घाम आणि तेल यांचा मिळून जो काही वास होता तो अजून माझ्या नाकात आहे. एकाने ढब्बूच्या जाळीत केक कोंबला. मी हसत हसत त्याचा हात बाजूला केला. ढब्बू नाचत होता. इतके दिवस पाय ओढत नाचायचा, त्या दिवशी मात्र छान नाचत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग फेस सोडला.

पांढरा ढीग आमच्या कमरेपर्यंत आला. ढब्बूचे पाय दिसेनात, माझेही. फेसाखाली कोणाकोणाचे हात माझ्या पायांना लागत होते. मी दात आवळून यांचा हात घट्ट धरला.

आणि हात दोनदा दाबला गेला.

इतक्या महिन्यांत यांनी ती खूण एकदाही केली नव्हती. बियर ओतली तेव्हा नाही, शेपूट ओढून पाडलं तेव्हा नाही. मी क्षणभरही थांबले नाही. माणसांना ढकलत, कोपराने बाजूला सारत त्यांना मागच्या खोलीत ओढत नेलं. दार लावलं. चेन ओढली. ती अडकली. दोन्ही हातांनी ओढली.

हे बाहेर आले.

"अहाहा!" म्हणाले. "अगं काय गर्दी, काय गर्दी! आणि तो केकवाला बघितलास? बायकोने घरात घेतलं तर शपथ!" आणि लगेच त्या केकवाल्याची नक्कल, त्याच्या बायकोची नक्कल. मी हसले आणि हसता हसता रडायला लागले. हुबेहूब माझा माणूस. घरी जाईपर्यंत बोलत होते. रिक्षावाल्याला हसवलं, वॉचमनला हसवलं, जिन्यात शेजारणीला थांबवून हसवलं.

फक्त एक गोष्ट मी पाहिली आणि त्या आनंदात सोडून दिली. पोशाखातून निघालेला माणूस घामाने न्हालेला असतो. यांचा सदरा कोरडा होता. केस कोरडे होते, भांग जसाच्या तसा.

सकाळी मी चहा केला. हे टेबलाशी बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचत होते, प्रत्येक बातमी वेगळ्या आवाजात. उन्हाची तिरीप टेबलावर आली होती. मला वाटलं, देवा, असंच राहू दे. मी कप पुढे ठेवला.

त्यांनी तो डाव्या हाताने उचलला.

मी बघत राहिले. पान उलटलं तेही डाव्या हाताने. उजवा हात मांडीवर पडला होता, तळवा वर करून.

"हात दुखतोय का?"

"छे गं! घोड्यासारखा आहे मी." आणि घोड्याचं खिंकाळणं. अगदी छान. जरा जास्तच छान.

मी जवळ जाऊन बसले. त्यांनी माझ्याकडे तोंड वळवून काही तरी गमतीचं सांगितलं, आणि त्यांच्या श्वासाबरोबर तो वास आला. फुलदाणीतलं शिळं पाणी.

तरी मी खाली हात नेला आणि त्यांचा उजवा हात धरला.

दोनदा दाबला.

दाब त्या हाताचा होता. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. तोंड बोलत होतं. शेजारणीच्या मांजरीबद्दल काहीतरी. डोळे हसत होते.

थांबून पुन्हा दोनदा. एवढ्या जोरात की माझी अंगठी बोटात रुतली.

काल फेसात दोनदा दाबलं ते कोणी? मी कोणाला बाहेर काढलं?

मी तशीच उठले, पायात चपलाही घातल्या की नाही आठवत नाही, आणि हॉटेलवर गेले. मागची खोली उघडली. पोशाख टांगलेला होता. आत डोकं घातलं, हाका मारल्या. कोरडा होता. गार होता. कसलाही वास नव्हता, दुकानातून आणलेल्या नव्या उशीसारखा. मी कात्री घेतली आणि त्याला पाठीपासून पोटापर्यंत फाडला, हात उलटे केले, डोकं उघडलं. बाहेर फर. आत स्पंज. दुसरं काही नाही.

"कापा, कापा," दारातून हसमुख म्हणाला. "जुनाच झाला होता. नवा शिवून घेऊ. आणि त्यांना म्हणावं, संध्याकाळी वेळेवर या, माइक तयार ठेवलाय!"

त्याचा उजवा हात खिशातून बाहेर आला होता.

त्या हाताची मला इतके दिवस किळस यायची. मी कात्री खाली ठेवली, पुढे झाले आणि तो स्वतःहून धरला. दोनदा दाबला त्याने. दोनदा. दोनदा.

मी एकदा दाबला.

मग बोटं माझ्या बोटांत अशी शिरली, बुडणारं पोर मानेला मिठी मारतं तशी, आणि सोडेचनात. नखं लागली मला. वर हसमुख नव्या पोशाखाच्या रंगाबद्दल बोलत होता. निळा बरा की केशरी?

त्याची बायको स्टाफच्या त्या जेवणाला नवऱ्यावर पहारा करत बसली नव्हती. ती त्याच्याजवळ बसली होती. तोंड, डोळे, आवाज, सगळं तिच्या हातून गेलं होतं. तिने धरून ठेवलेला हात तेवढा राहिला होता.

आता हे माइकवर असतात. लॉन पुन्हा यांचं झालंय. लोक पोट धरून हसतात, हसमुख शेवटच्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवतो, डाव्या हाताने मांडीवर. कार्यक्रम संपला की मी पुढे होऊन यांचा उजवा हात धरते. घरापर्यंत सोडत नाही. झोपतानाही सोडत नाही. तोंड माझ्या कानाशी गोड बोलत असतं, तो वास येत असतो, तरी सोडत नाही. शेजारणी म्हणतात, या वयात काय बाई प्रेम! मी एकदा दाबते. मी आहे. याहून जास्त काही सांगायला आम्हाला खूणच शिकवलेली नाही.

काल सुटीचा दिवस होता म्हणून लेकीने सकाळी व्हिडिओ कॉल केला. यांनी बोटवाला केला, बोटवाल्याची बायको केली, मला केलं. लेक हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होती.

"आई, बाबा अगदी पूर्वीसारखे झाले गं," डोळे पुसत ती म्हणाली. "खरं सांगू? पूर्वीपेक्षा जरा जास्तच."

"हो," मी म्हटलं.

टेबलाखाली माझा हात दोनदा दाबला गेला. थांबून पुन्हा दोनदा. हल्ली जोर कमी झालाय.